तपासणी धुण्याच्या जागेचीही व्हावी : माननीय आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

माननीय आरोग्यमंत्री,
गोवा राज्य, पर्वरी

महोदय,
स. न. वि. वि.

मुलं आखातात, इंग्लंडात नोकरीला आणि म्हातारी माणसं वृद्धाश्रमात, हे गोव्यात आता घरोघरी आहे. माझी मावशी बार्देशातल्या अशाच एका केंद्रात असते. गेल्या पावसाळ्यात तिथे खरूज पसरली. मलम सगळ्यांना मिळालं, तरी महिनाभरात खाज पुन्हा सुरू.

मी निवृत्त परिचारिका. सवयीने मागच्या दारी, कपडे धुतात तिथे गेले. लघवीने भिजलेल्या चादरी ज्या टोपलीतून आणल्या, तिच्यातच धुतलेले टॉवेल भरले जात होते. बाई चादरी झटकून, अंगाशी धरून मशीनपर्यंत नेत होती. हातांत मोजे नव्हते. मशीनला गरम पाण्याची सोयच नव्हती. बाहेर पाऊस थांबेना, म्हणून पडवीतल्या दोरीवरचे दमट, कुबट कपडे तसेच खाटांवर जात होते. बाईला मी बोल लावणार नाही. तिला हे कुणी शिकवलेलंच नाही आणि उद्या तिच्याच घरी खरूज जाईल.

पहिल्यांदा लागण झाली की खाज सुटायला चार ते सहा आठवडे जाऊ शकतात. कळेपर्यंत शेजारच्या खाटा आणि सेविकांची घरं गाठलेली असतात. म्हणून औषध सगळ्यांना, सेविकांनाही, एकाच दिवशी द्यावं लागतं आणि त्याच दिवशी कपडे-चादरी गरम पाण्यात धुवाव्या लागतात. खरजेचा किडा अंगाबाहेर साधारण दोन-तीन दिवसच जगतो, ५० अंशांवरच्या उष्णतेत तर काही मिनिटांत मरतो. रुग्णालयातल्या कपड्यांसाठी अमेरिकेची रोगनियंत्रण संस्था सीडीसी ७१ अंशांचं पाणी, निदान २५ मिनिटं, असं सांगते. खरजेचा किडा मारण्यापुरत्या उष्णतेसाठी गीझर आणि पावसाळ्यापुरता ड्रायर पुरतो.

फरशीचंही तेच. संडासाचा पोछा खोलीत फिरता कामा नये. ब्लीच आणि ॲसिड एकत्र ओतल्यास क्लोरीन वायू सुटतो, हे सफाई करणाऱ्या प्रत्येकीला तोंडपाठ हवं. आणि काही जुलाबांचे जंतू हातावरच्या सॅनिटायझरने मरत नाहीत, तिथे साबण-पाणीच लागतं.

गोव्याने २०१९ मध्ये क्लिनिकल आस्थापनांचा, म्हणजे दवाखाने-रुग्णालयांच्या नोंदणीचा आणि नियमनाचा, कायदा केला. त्याखालच्या तपासणीत धुण्याची जागा स्वतंत्रपणे पाहिली जावी. जे वृद्धाश्रम या कायद्यात बसत नसतील, त्यांच्यासाठी समाजकल्याण खात्याला सोबत घेऊन हेच नियम लावा. घाणेरड्या कपड्यांची पिशवी खाटेपाशीच बांधली जाते का, धुतलेले कपडे वेगळ्या वाटेने येतात का, बाईकडे जाड हातमोजे आणि ॲप्रन आहे का, तिला हेपॅटायटिस-बीची लस दिली आहे का, हे अधिकाऱ्याने उभं राहून पाहावं. प्रशिक्षण तर प्राथमिक आरोग्य केंद्रातली परिचारिका एका दुपारी देऊ शकेल.

लहान केंद्रांना ड्रायर परवडणार नाही, हे मला माहीत आहे. त्यांना अनुदान द्या. आणि जूनचा पाऊस लागायच्या आत द्या.

आपली नम्र,
फोंड्याची एक निवृत्त परिचारिका