तेलाच्या कॅनमधलं पेट्रोल डिकीत नको

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मे महिन्याच्या सुट्ट्या तोंडावर आल्या आहेत. आपल्या इंदूरच्या मराठी घरांतून आता पुण्याकडे, नाशिककडे, कोकणात गाड्या निघू लागतील. कुणाकडे मुंज, कुणाकडे लग्न, कुणाला कुलदैवताला जायचं. या गाड्यांच्या डिकीत सामानाच्या तळाशी पुष्कळदा पेट्रोलचा एक जादा कॅन असतो. त्याबद्दलच हे पत्र आहे. मी एकतीस वर्षं शाळेत रसायनशास्त्र शिकवलं. पेट्रोलची वाफ कशी वागते हे फळ्यावर अनेकदा समजावून सांगितलं. आणि गेल्या मे महिन्यात तीच वाफ आमच्या स्वतःच्या गाडीत, नातवंडाच्या पाठीशी साठली होती.

नणंदेच्या नातवाच्या मुंजीसाठी आम्ही पुण्याला निघालो होतो. गाडी पुतण्याची, मोठी, मागची डिकी आणि बसायची जागा एकच. पुतण्या, सून, त्यांचा सहा वर्षांचा मुलगा, जाऊबाई आणि मी. आदल्या दिवशी पुतण्या कामासाठी दाहोदला गेला होता. गुजरातेत पेट्रोल आपल्यापेक्षा लिटरमागे दहा-बारा रुपयांनी स्वस्त, म्हणून त्याने टाकी भरलीच, वर खायच्या तेलाचा पाच लिटरचा रिकामा कॅनही तोंडोतोंड भरून आणला. पंपावर कुणी हटकलं नाही. तो कॅन डिकीत बॅगांखाली आडवा गेला. शेजारी मुंजीसाठी केलेल्या बेसनाच्या लाडवांचा डबा. हे सगळं मला नंतर कळलं.

मानपूरचा घाट उतरून खलघाटला नर्मदेवर थांबलो. दर्शन, डबे उघडून जेवण, यात गाडी दीड-दोन तास उन्हात उभी. ज्यांनी निमाडातला मे पाहिला आहे त्यांना वेगळं सांगायला नको. पारा ४४-४५ वर जाणं तिथे नवं नाही, आणि बंद गाडीच्या आत तर त्याहून कितीतरी जास्त. पुढे सेंधवा सोडून बिजासनच्या घाटाला लागलो तसं जाऊबाईंचं डोकं दुखायला लागलं. लहानग्याला ओकारी झाली. आम्ही म्हटलं, घाट आहे, गाडी लागली असेल. काचा बंद, एसी आतलीच हवा फिरवत होता. वास येत होता, पण पुढे एक टँकर चालला होता, त्याचाच असेल असं वाटलं.

दुसऱ्यांदा ओकारी झाली तेव्हा एका ढाब्यावर थांबलो आणि ओल्या फडक्यासाठी डिकी उघडली. दार वर जाताच वासाचा असा लोट आला की सून दोन पावलं मागे सरली. बॅगा काढल्या. कॅनच्या चारही बाजू फुगून गोल झाल्या होत्या, तळही बाहेर आला होता, सरळ उभा केला तर डुलत होता. झाकणाच्या आट्यांतून पेट्रोल पाझरून खालच्या कार्पेटवर ताटाएवढा ओला डाग पडला होता. त्या डागापासून वीतभर अंतरावर डिकीचा छोटा दिवा जळत होता, आणि त्याखाली चार्जिंगचं सॉकेट. ढाब्यावरचा एक माणूस काय झालं ते पाहायला आला तो पेटती विडी हातात घेऊनच. मी आयुष्यात कुणावर इतक्या जोरात ओरडले नसेन. तो बिचारा तसाच मागे गेला.

काही झालं नाही, हे आमचं नशीब. लाडू टाकून द्यावे लागले, सगळ्यांना पेट्रोलचा वास लागला होता. कार्पेट बदललं तरी गाडीतला वास पावसाळा लागेपर्यंत गेला नाही. पाच लिटरमागे वाचले होते पन्नास-साठ रुपये.

पुतण्या निष्काळजी मुलगा नाही. त्याचं म्हणणं एवढंच होतं, "काकू, पेट्रोल टाकीतही असतंच ना, मग कॅनमध्ये काय वेगळं?" हा प्रश्न पुष्कळांच्या मनात असतो, म्हणून नीट उत्तर देते. गाडीची टाकी बसायच्या जागेच्या बाहेर, गाडीच्या पोटाखाली असते. ती तापली की आतली वाफ एका नळीने कोळशाच्या डबीत जाते आणि तिथून इंजिनात ओढली जाते. मागून धडक बसली तरी टाकी शक्यतो वाचावी अशी तिची जागा ठरवलेली असते. कॅनला यातलं काही नाही. तो नेमका तिथे असतो जिथे मागून येणारी गाडी आदळते, आणि त्याची वाफ जाते ती आपल्या नाकात.

वाफेचं गणितही साधं आहे. पेट्रोल शून्याच्या खाली चाळीस अंशांवरसुद्धा पेट घेण्याइतकी वाफ सोडतं. मग मे महिन्यातल्या डिकीत काय होत असेल! ही वाफ हवेपेक्षा तीन-चार पट जड असते. ती वर उडून जात नाही, पाण्यासारखी खाली बसते, सीटखाली, पायांपाशी साठते. हवेत तिचं प्रमाण शेकडा दीड ते साडेसातच्या दरम्यान असलं की एक ठिणगी पुरते. म्हणूनच रिकामा केलेला कॅन निर्धास्तपणे डिकीत टाकू नये. भरलेल्या बंद कॅनमध्ये वाफ इतकी दाट असते की आतल्या आत पेटायला हवाच पुरत नाही. रिकाम्या कॅनमध्ये हवा शिरते आणि तळाशी राहिलेल्या चमचाभर पेट्रोलमुळे मिश्रण नेमकं पेटण्याजोगं होतं.

शिवाय पेट्रोल तापलं की फुगतं, दहा अंशांना साधारण एक टक्का. सकाळच्या गारव्यात तोंडोतोंड भरलेल्या पाच लिटरच्या कॅनमध्ये दुपारी अर्धा कपभर पेट्रोलला जागाच उरत नाही. वरून वाफेचा दाब. खायच्या तेलाचं झाकण या दाबासाठी बनवलेलंच नसतं. त्या जातीच्या प्लॅस्टिकमध्ये पेट्रोल हळूहळू मुरतं आणि ते मऊही पडतं.

कायदा याबाबत जुना आहे आणि स्पष्ट आहे. १९३४ च्या पेट्रोलियम कायद्यात विक्रीसाठी नसलेलं पेट्रोल ३० लिटरपर्यंत विनापरवाना बाळगायची सूट आहे. पण भांडं कसलं ते तिथे सांगितलेलं आहे. घट्ट बुचाचं, काचेचं किंवा चिनी मातीचं असेल तर एका लिटरपर्यंत, धातूचं असेल तर २५ लिटरपर्यंत. तेलाचा कॅन आणि पाण्याची बाटली यात कुठेच बसत नाही. निमाडात आडगावच्या दुकानांपुढे पाण्याच्या बाटल्यांत पेट्रोल मांडून ठेवलेलं दिसतं, ते तर विक्रीसाठीच असतं.

माझं स्पष्ट मत आहे की आग्रा-मुंबई रस्त्यावर जाणाऱ्याला जादा कॅनची गरजच नाही. इंदूर ते धुळे या वाटेवर पंपांची वाण नाही. काटा पाव टाकीवर आला की भरायचं एवढी सवय पुरे. पण आडवाटेच्या शेताला जाणारे, जनरेटर किंवा फवारणी पंप चालवणारे लोक आहेत, त्यांना पेट्रोल न्यावंच लागतं. त्यांनी पत्र्याचा, खास पेट्रोलसाठी केलेला कॅन घ्यावा. ज्याला आपण जेरीकॅन म्हणतो तो १९३० च्या दशकात जर्मन सैन्यासाठी घडवला गेला. खटक्याने बंद होणारं तोंड, भरल्यावरही वर हवेची थोडी जागा राहील असा आकार, आणि आतून दाब आला तर पत्र्याला हलायला वाव देणाऱ्या बाजूच्या खाचा, हे सगळं नेमकं या दुखण्यावर काढलेलं औषध आहे. वीस लिटरचा घेऊ नका. भरला की पंधरा किलोच्या वर जातो, ओतताना हात थरथरतो आणि सांडतं. पाच लिटरचा पुरे.

भरताना कॅन डिकीतून खाली काढून जमिनीवर ठेवावा. कार्पेटवर ठेवून भरला तर त्यावर स्थिर वीज साठते आणि ठिणगी पडू शकते. जमिनीवर ती निघून जाते. पंपाचं नोझल कॅनच्या तोंडाला टेकलेलं असावं, धार मंद असावी, वर निदान शेकडा पाच जागा सोडावी. मग कॅन उभा ठेवून पट्ट्याने बांधावा, आणि त्या फेरीत लहान मुलांना गाडीत घेऊ नये. काचा थोड्या खाली ठेवाव्यात. टपावर बांधायचा मोहही नको, तिथे तर दिवसभर ऊन. पोहोचलात की टाकीत ओतून मोकळे व्हा. आताच्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि ते हवेतलं पाणी ओढून घेतं. तेव्हा एका सुट्टीतला कॅन पुढच्या सुट्टीपर्यंत गॅरेजमध्ये ठेवण्यात काही अर्थ नाही.

आणखी एक गोष्ट, जी मी माझ्या विद्यार्थ्यांना हात जोडून सांगत असे. कॅनमधून टाकीत घेताना नळी तोंडात धरून पेट्रोल ओढू नका. घोटभर जरी श्वासनलिकेत गेलं तरी फुफ्फुसाला सूज येते. चुकून पोटात गेलं तर ओकारी काढायला लावू नका, ती काढताना पुन्हा तेच होतं. सरळ दवाखाना गाठा. बाजारात पिळून चालवायचा छोटा हातपंप मिळतो, नाहीतर लांब नळीचं नरसाळं वापरा.

आपल्याला दोन विनंत्या आहेत. आपल्या दैनिकात सुट्टीच्या प्रवासाची तयारी म्हणून टायरची हवा, कूलंट, फास्टॅग यांची यादी दर वर्षी येते. त्यात या वर्षी पेट्रोलच्या कॅनलाही जागा द्यावी. आणि आपल्या बातमीदारांनी शहरातल्या पंपचालकांना विचारावं की ते पत्र्याचे कॅन विकायला ठेवतील का. पाण्याच्या बाटलीत पेट्रोल न देणारे पंप आहेत, त्यांचं कौतुकच आहे. पण पुतण्याला त्या दिवशी पंपावर "यात नाही मिळणार, हा पत्र्याचा घ्या" असं कुणी म्हटलं असतं, तर त्याने घेतला असता. तो तसा मुलगा आहे.

आता त्याच्या गॅरेजमध्ये पाच लिटरचा पत्र्याचा कॅन आहे, शेताच्या पंपासाठी. पुढच्या आठवड्यात आम्ही सगळे नाशिकला निघतोय. कॅन घरीच राहणार आहे.

आपली विश्वासू,
एक निवृत्त शिक्षिका
रामबाग, इंदूर