उलाळ गाडी आणि पडद्यावरची तुळई

महोदय,

अभियांत्रिकीच्या प्रथम वर्षाचा ‘इंजिनिअरिंग मेकॅनिक्स’ हा विषय मी सांगलीत अनेक वर्षे शिकवला. या विषयासाठी आता संवादी सॉफ्टवेअर वापरात येत आहे, याचे स्वागतच आहे. मात्र मी पाहिलेल्या वर्गांत माउस शिक्षकांच्याच हाती होता आणि मुले पूर्वी फळ्याकडे पाहत, तशी पडद्याकडे पाहत होती.

गेल्या महिन्यात शेजारी राहणाऱ्या, शेतकरी कुटुंबातल्या एका विद्यार्थ्याला मी जिओजेब्रावर तुळई काढून दिली. हे सॉफ्टवेअर विद्यार्थ्यांना विनामूल्य मिळते आणि मोबाइलवरही चालते. दोन आधारांत सहा मीटर अंतर, उजव्या आधाराबाहेर दोन मीटर तुळई मोकळी आणि तिच्यावर बोटाने सरकवता येणारा १२ किलोन्यूटनचा भार. भार आधारांच्या मधोमध असताना दोन्ही आधार सहा-सहा किलोन्यूटन पेलतात, हे त्याने न पाहताच सांगितले. भार मोकळ्या टोकाला नेल्यावर मात्र उजवीकडे १६ आणि डावीकडे उणे चार आकडा आला. ‘‘सर, प्रोग्रॅम चुकलाय,’’ तो म्हणाला. मी मुद्दामच गप्प राहिलो. दोन-तीनदा भार मागेपुढे केल्यावर तो एकदम म्हणाला, ‘‘म्हणजे गाडी उलाळ झाली!’’ ऊस मागच्या अंगाला जास्त भरला की आखाच्या पुढे जू वर उचलले जाते, हे त्याने लहानपणापासून पाहिलेले होते. डावे टोक खाली दाबून धरावे लागेल, हा उणे चिन्हाचा अर्थ मी फळ्यावर इतका नेमका कधी सांगू शकलो नव्हतो.

एक धोकाही आहे. भिंतीला टेकवलेल्या शिडीचा पाय भिंतीपासून दूर घसरू पाहतो, म्हणून जमिनीवरचे घर्षण भिंतीच्या दिशेने असते. आकृतीत या घर्षणाची दिशा दाखवणारा नेमका हाच बाण मुले उलटा काढतात. बाण काढण्याचे काम सॉफ्टवेअरनेच केले, तर मुलांची ही चूक बाहेरच येत नाही आणि ती थेट उत्तरपत्रिकेत उतरते.

म्हणून आधी वहीत पेन्सिलीने फ्री बॉडी डायग्राम (वस्तू सुटी काढून तिच्यावरची सर्व बले बाणांनी दाखवणारी आकृती) आणि आकड्याचा अंदाज, मगच मोबाइल, असा क्रम असावा. शिवाजी विद्यापीठाने व स्वायत्त महाविद्यालयांनी या अंदाजाच्या पानाला, तो चुकला असला तरी, अंतर्गत मूल्यमापनात थोडे गुण ठेवावेत, अशी विनंती आहे.

– एक निवृत्त प्राध्यापक, विश्रामबाग, सांगली