उंच टाचांची 'मिस चीफ'
महोदय,
कलावंताने दुसरे रूप धारण केले की आपल्याकडे लोक ते सोंग ठरवून मोकळे होतात. कॅनडाचे चित्रकार केंट मॉन्कमन पाहा. वडील क्री आदिवासी, आईकडून इंग्रज-आयरिश वारसा. त्यांनी चित्रांत धारण केलेले दुसरे रूप म्हणजे 'मिस चीफ'. ती उंच टाचांच्या बुटांत गोऱ्यांच्या इतिहासचित्रांत बिनदिक्कत घुसते. २०१९ मध्ये न्यू यॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयासाठी केलेल्या भव्य चित्रात तर ती हातात गरुडाचे पीस उंचावून नावेत उभी आहे. हे चित्र ज्यावर बेतले आहे, त्या चित्रकार लॉइट्झच्या १८५१ च्या चित्रात तिथे जॉर्ज वॉशिंग्टन होते! चवचाल आहेच ती, पण त्या नावेत आदिवासींना जागा का नव्हती, हे तीच विचारते. रविवारच्या पुरवणीत अशा चित्रांना रंगीत अर्धे पान तरी द्यावे.
– एक वाचक, पुणे