बसलेल्या गाईबद्दल

शहापूर, १२ जुलै

प्रिय दिनकर,

गाय व्यायल्यावर दुसऱ्या दिवशी बसली, कान गार आहेत, मान कुशीकडे वळवून पडली आहे, शेण टाकलेलं नाही, असं तू लिहिलंस. यावरून मिल्क फिव्हरच वाटतो, म्हणजे रक्तातलं कॅल्शियम उतरलंय. तिसऱ्या-चौथ्या वेताच्या दुभत्या गाईत हे जास्त दिसतं. तरी डॉक्टर येण्याआधी चारही सडांची धार काळ्या कापडावर काढून बघ. धार पाण्यासारखी पातळ किंवा गाठींची असेल आणि कास गरम वा निळसर दिसत असेल, तर ते आधी सांग. दगडीचं, म्हणजे कासेच्या सुजेचं, विष अंगात भिनलेल्या गाईला शिरेतून कॅल्शियम देताना हृदयाला धोका असतो. डॉक्टर मिळेना तर जनावरांच्या दवाखान्याच्या १९६२ या हेल्पलाइनला फोन लाव.

कॅल्शियमची ४५० मिलीची बाटली आधी कोमट पाण्यात ठेवायची आणि शिरेतून पंधरा-वीस मिनिटं घेऊन सावकाश द्यायची. घाईने दिली तर हृदय थांबू शकतं, म्हणून डॉक्टर स्टेथोस्कोप लावून बसतात. लागू पडलं की नाकावर दव येतं, अंग थरथरतं, ढेकर आणि शेण येतं. पुढचे दोन दिवस कास पूर्ण पिळू नकोस, वासरापुरतंच दूध काढ. मात्र दगडी निघाली तर हे लागू नाही, तेव्हा सड मोकळेच करावे लागतात.

आता खरी गोष्ट. औषधाने मूळ रोग बरा होतो आणि गाय तरीही उठत नाही, हे फार वेळा घडतं. कारण तिच्याखालचा कोबा, म्हणजे गोठ्याची टणक जमीन. चार-पाचशे किलोचं वजन एकाच मांडीवर पडून राहिलं की खालच्या स्नायूंचा रक्तपुरवठा तुटतो. सहा तासांतसुद्धा मांस मरायला लागतं, नस दबते, आणि मग कितीही बाटल्या चढवल्या तरी पाय धरत नाही. म्हणून तिला आजच कोब्यावरून हलव. दाव्याने फरफटवू नकोस, ताडपत्रीवर घेऊन सरकव. खाली किमान अर्धा फूट रेती हवी. ठाण्यात हल्ली सगळीकडे क्रश सँडच, म्हणजे दगड भरडून केलेली रेती, मिळते आणि ती टोचते, म्हणून वर पेंढ्याचा जाड थर दे. मुरबाडकडचा पेंढा जुलैत बुरसलेला निघतो, हुंगून घे. ओला झाला की लगेच बदल, नाहीतर कास दुखावते आणि पुठ्ठ्याच्या जखमांत माश्या बसून अळ्या पडतात.

दर तीन तासांनी कूस पालटायची, रात्रीसुद्धा. यात सूट नाही. एकाने म्होरकी धरून मान फिरवायची, दोघांनी पुठ्ठा रेटायचा, चौथ्याने खाली दबलेला पाय ओढून दुसऱ्या बाजूला काढायचा. शेपटीला हात नको, तिथले मणके निखळतात. गाय छातीवर बसलेली हवी, खांद्याला पेंढ्याने भरलेली गोणी टेकव. सपाट आडवी पडली की पोटातला वायू बाहेर पडत नाही, फुगून मरते.

वासरू मोठं होतं आणि ओढून काढलं, असं लिहिलंयस, म्हणजे कमरेच्या हाडाच्या आतली नसही दबलेली असू शकते. उठताना मागचे पाय फाकले तर मांडीचे स्नायू फाटतात. म्हणून दोन्ही मागच्या पायांना खुराच्या वरच्या सांध्यावर मऊ पट्टा बांध, मध्ये दोन फूट अंतर ठेव.

गाय उचलायला पुठ्ठ्याला लावायचा लोखंडी चिमटा गोणपाट गुंडाळूनच लाव, आणि गाय पुढचे पाय टेकत असेल तरच. लटकत राहिली तर लगेच खाली घे. उभी राहिली तरी सुरुवातीला आठ-दहा मिनिटं पुरेत. उचलायची चेन पुली तुमच्या गोठ्याच्या छपराच्या जुन्या कैचीवर टांगू नकोस, ती पत्र्यापुरतीच आहे.

बाटलीने काहीही पाजू नकोस. या गाईला नीट गिळता येत नाही, पाणी फुप्फुसात जातं. शेजारी गूळपाणी घेऊन येतील, त्यांना चहा पाज आणि परत पाठव. बादली तोंडाशी धर, दिवसाला चाळीस-साठ लिटर जायला हवं. हिरवा चारा हाताशी ठेव.

डोळे तरतरीत, खाणं-रवंथ चालू आणि मधून उठायची धडपड, एवढं असेल तर आठ-दहा दिवस थांबायला हरकत नाही. खाणं सुटलं आणि आडवीच पडू लागली, तर मात्र डॉक्टरांशी स्पष्ट बोल.

कूस पालटल्याच्या वेळा भिंतीवर खडूने लिही आणि रोज रात्री फोटो पाठव. लघवी लाल दिसली तर फोटोची वाट न बघता फोन कर. तेव्हा फॉस्फरसची कमतरता किंवा गोचीडताप तपासावा लागेल, त्यासाठी रक्ताचा नमुना लागतो.

तुझा,
वसंत