गाडी लागलेल्या पोरीला सांभाळणाऱ्या सगळ्यांना थँक्यू

नावं कुणाचीच विचारली नाहीत, तेवढं भानच नव्हतं, म्हणून इथे लिहितेय. काल बसमध्ये माझ्या ४ वर्षांच्या लेकीला गाडी लागली, तिसऱ्या उलटीला पिशव्याही संपल्या, तान्हं मांडीवर रडतंय आणि मी आपली सगळ्यांना सॉरी सॉरी म्हणतेय. पुढच्या ताईंनी गुपचूप आपली खिडकीची सीट दिली, एका मुलाने स्वतःचा टॉवेल दिला (परत घेतलाच नाही, आणि घेणार तरी कसा!), ड्रायव्हरदादांनी न कुरकुरता गाडी थांबवली. मागच्या काकू म्हणाल्या, आधी तो मोबाईल काढ तिच्या हातातून, कानाला कळतंय गाडी हलतेय आणि डोळे बघतायत स्थिर स्क्रीन, मग मेंदूचा गोंधळ होतो, लांब बाहेर बघू दे. शांत राहावी म्हणून कार्टून मीच लावून दिलं होतं, काय बोलणार! २ ते १२ वयात हा त्रास जास्त असतो हेही त्यांच्याकडूनच कळलं. मग खिडकी उघडून, घोटघोट पाणी देत, लांबचे डोंगर दाखवत आणलं तिला. काकू, बाळाला पूर्ण वेळ तुम्हीच घेतलंत, माझे हात तेवढे मोकळे झाले. खूप खूप आभार सगळ्यांचे, आणि त्या टॉवेलवाल्या दादाचे जरा जास्तच.