जुन्या मुंबईकरांसाठी दादरला जुने नंबरही लिहा

महोदय,

नोकरी संपल्यावर किंवा जागा विकून पुणे, नाशिक, कोकणात स्थायिक झालेले मुंबईकर लग्नकार्याला वा इस्पितळाच्या कामाला मुंबईत येतात, तेव्हा नवख्या पाहुण्यापेक्षा त्यांचीच जास्त पंचाईत होते. नवखा माणूस विचारत विचारत जातो. जुना माणूस सवयीने चालू पडतो आणि नेमका तिथेच चुकतो.

सगळ्यात मोठा घोळ दादरला. ९ डिसेंबर २०२३ पासून तिथले सगळे फलाट एकाच क्रमाने मोजले जातात. पश्चिम रेल्वेचे १ ते ७ तसेच राहिले. मध्य रेल्वेचा जुना १ आता ८ झाला. तो रुंद करण्यासाठी जुना २ काढून टाकला. ३ चा ९, ४ चा १०, असे करत ८ चा १४ झाला. थोडक्यात, मध्य रेल्वेच्या जुन्या तीनपासून पुढे सहा मिळवायचे. एकला मात्र सात. बदल योग्यच आहे, कारण पूर्वी एकाच स्थानकात दोन ‘तीन नंबर’ होते. पण घ्यायला आलेला भाचा फोनवर नवा आकडा सांगतो आणि मामा जुन्या हिशेबाने ऐकतात. त्यांच्या डोक्यात आठ नंबर म्हणजे मध्य रेल्वेचा शेवटचा फलाट. आज तोच आकडा मध्य रेल्वेच्या पहिल्या फलाटाला आहे. हातात सामान आणि गुडघे दुखत असताना पूल पुन्हा चढणे सोपे नाही.

दुसरी अडचण परळची. एल्फिन्स्टन रोड स्थानकाचे २०१८ साली प्रभादेवी झाले, हे बहुतेकांना ठाऊक आहे. पण तिथला रस्त्याचा पूल पाडून नवा बांधण्यासाठी सप्टेंबर २०२५ मध्ये बंद झाला, हे बाहेरगावी सहसा पोहोचलेले नसते. केईएम किंवा टाटा रुग्णालयात जाणाऱ्याने प्रभादेवीच्या बाजूने टॅक्सी केली, तर ती टिळक पुलाला किंवा करी रोडला वळसा घालणार. वेळही जाणार आणि पैसेही. अशा वेळी लोकलने थेट परळला उतरून पूर्वेला बाहेर पडणे बरे. शीव स्थानकाजवळचा पूलही १ ऑगस्ट २०२४ ला वाहनांसाठी बंद झाला होता. गाडीने येणाऱ्यांनी दोन्ही ठिकाणची सद्यस्थिती निघण्याआधी पाहावी.

लोकलचे साधे तिकीट एसी लोकलमध्ये चालत नाही. समोर आली ती गाडी पकडायची सवय इथे दंडाला कारण होते. तिकीट मोबाइलवर काढले असेल तर ते अ‍ॅपमध्येच दाखवावे लागते, त्याचा फोटो चालत नाही.

भुयारी मेट्रो ऑक्टोबर २०२५ पासून आरे ते कफ परेड अशी पूर्ण धावते आहे. गिरगाव, काळबादेवी, सिद्धिविनायक आणि विमानतळाची दोन्ही टर्मिनल एकाच मार्गावर आल्याने जुन्या गिरगावकरांची मोठीच सोय झाली. मात्र मेट्रोचे दादर म्हणजे रेल्वेचे दादर नव्हे. ते पश्चिमेला शिवसेना भवनाच्या बाजूला आहे, त्यामुळे सामान घेऊन चालण्याची तयारी हवी. शेवटची गाडी रात्री साडेदहाच्या सुमारास सुटते, म्हणून उशिराच्या मेलने उतरणाऱ्याने तिच्यावर विसंबू नये. जमिनीखाली मोबाइलची रेंज भरवशाची नाही. तिकीट वरच काढून ठेवावे.

बेस्टचे किमान भाडे ९ मे २०२५ पासून साध्या बसला १० आणि एसी बसला १२ रुपये आहे. बसच्या क्रमांकाआधी ‘ए’ दिसला की ती एसी. टॅक्सी फेब्रुवारी २०२५ पासून पहिल्या दीड किलोमीटरला ३१ रुपये घेते, रिक्षा २६. जुन्या ओळखीच्या बसचा मार्ग तोच असेल असे धरू नये, थांब्यावर विचारावे.

रेल्वे प्रशासनाला विनंती अशी की, दादरच्या मध्य रेल्वेच्या फलाटांवर आणि पुलांच्या तोंडाशी नव्या आकड्याखाली लहान अक्षरांत ‘जुना क्र. ३’ अशी ओळ आणखी काही वर्षे असावी. लांब पल्ल्याच्या गाड्यांच्या उद्घोषणेत फलाटाच्या क्रमांकाबरोबर ‘मध्य रेल्वे, पूर्व बाजू’ एवढे शब्द वाढवावेत. आणि आपल्या दैनिकाने बंद पुलांची व पर्यायी रस्त्यांची चौकट दर शनिवारी बाहेरगावच्या आवृत्त्यांतही छापावी. तिची खरी गरज तिकडच्या वाचकांना आहे.

– एक वाचक, डोंबिवली