अंतराचं कार्ड

महोदय,

कुटुंब नियोजनाची बातमी म्हटली की किती ऑपरेशनं झाली तो आकडा छापून येतो. मी अमळनेर तालुक्यात ३१ वर्षं आरोग्यसेविका होते. त्या आकड्यातली एक सून माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही.

कानबाईच्या सणाच्या आदल्या आठवड्यात ती उपकेंद्रात आली. दोन लेकरं, धाकटं अंगावर पिणारं. पदराआडून ‘अंतरा’चं कार्ड काढून माझ्या हातात कोंबलं. "हे तुमच्याजवळच ठेवा बाई, आता नको." ‘अंतरा’ म्हणजे दर तीन महिन्यांनी घ्यायचं गर्भनिरोधक इंजेक्शन. सुरुवातीला पाळी बिघडते, थोडं थोडं अंगावर जात राहतं. त्यात घाबरण्यासारखं सहसा नसतं. पण तिच्या घरी पाळीच्या बाईने चुलीला हात लावायचा नाही. बारा दिवस ती बाजूला बसलेली आणि सणाच्या रोटांचा गहू दळायचा राहिलेला! सासूने खोदून विचारायला सुरुवात केली. नवऱ्यालाही इंजेक्शनचा पत्ता नव्हता.

तांबीने जास्त जातं, ‘छाया’ गोळीने काहींची पाळी लांबते. घर पाळीचे दिवस मोजत असेल तर कोणतंच साधन लपत नाही. दिवाळीनंतरच्या शिबिरात तिने ऑपरेशन करून घेतलं. वय २३.

आफ्रिकेतल्या कितीतरी बायका इंजेक्शनच निवडतात, कारण ते घरच्यांच्या नकळत घेता येतं. जपानमध्ये गोळीला मंजुरीच १९९९ साली मिळाली. तिथे भर निरोधवर. ब्रिटनमध्ये नसबंदी करून घेणारे पुरुष पुष्कळ. आपल्याकडे २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत स्त्रियांची नसबंदी सुमारे ३८ टक्के, पुरुषांची ०.३!

पुरुषाचं नाव काढलं की सासवा म्हणत, "त्याले वझं उचलनं पडस, ताकद चालनी जाई." कापसाचं ओझं सुनाही उचलतातच की! बिनटाक्याच्या नसबंदीने ताकद जात नाही, पुरुषपणही जात नाही. काही मिनिटांचं काम. पुढे तीन महिने तेवढा निरोध वापरायचा. आणीबाणीतल्या सक्तीची धास्ती मात्र मी जुन्या माणसांच्या डोळ्यांत पाहिली आहे, म्हणून जबरदस्ती नकोच.

त्या मुलीला विचारून मी तिच्या सासूशी आधीच बोलायला हवं होतं. लसीकरण आणि रजिस्टरं यांत ते राहून गेलं. नव्या आरोग्यसेविकांना घरोघरी बसून बोलण्याइतका वेळ मिळावा. आणि शिबिराची बातमी छापताना पुरुषांची नसबंदी कुठे, कोणत्या दिवशी होते, तेही आपण छापावं ही विनंती.

— एक निवृत्त आरोग्यसेविका, ता. अमळनेर, जि. जळगाव